समेवरचा खटका

"कॅमेरा इथं ठेव आणि हा बिल्ला घे," तगारे म्हणाले.

बिल्ला चपलांच्या स्टँडचा होता. सतरा नंबर. सभागृहाच्या दारात टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर गावातले चार कॅमेरे, आणि मागे कानटोपी घालून रसिक मंडळाचे चिटणीस तगारे. डावीकडे चपला, उजवीकडे कॅमेरे. बिल्ले दोघांना एकच.

"माझ्या कॅमेऱ्याच्या बदल्यात कुणाची कोल्हापुरी हातात आली तर?"

"आष्टेकर, आज विनोद नको. बाई वेळेच्या आधी आल्यायत. हे पोटाशी काय?"

"शाल. थंडी आहे."

"शालीखाली?"

"स्वेटर."

"स्वेटरखाली?"

"त्याच्याखाली मी आहे, तगारे."

त्यांनी मला आत सोडलं. मी खोटं बोललो नव्हतो. शालीखाली स्वेटर होताच. शाल आणि स्वेटर यांच्या मधे काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. तिथं अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना जर्मन कॅमेरा होता.

ही गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या डिसेंबरातली, मिरजेतली. रविवारची सकाळची मैफल, सातची. गाणार होत्या दुर्गाबाई केळशीकर, वय बहात्तर. बाई बावीस वर्षांनी मिरजेत गाणार होत्या, आणि त्यांची एकच अट होती : गाणं चालू असताना सभागृहात कॅमेरा असता कामा नये. मानधनाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, गाडी पाठवा म्हणाल्या नव्हत्या. कॅमेऱ्याचं मात्र पत्रात तीनदा लिहिलं होतं.

मंडळाच्या बैठकीत ठराव आला तेव्हा सातही सभासदांनी हात वर केले. कलेचं पावित्र्य वगैरे बरंच बोलून झालं. मी मंडळाचा फोटोग्राफर, म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. मला माणसं मोजायची खोड आहे. बैठक सुटल्यापासून मैफलीच्या दिवसापर्यंत त्या सातांपैकी सहा जणांनी मला एकेकटं गाठलं. कुणाला बाईंच्या पाया पडताना हवा होता, कुणाला बायकोसह, कुणाला मागं देणगीदारांचा फलक येईल असा. "बंदी आहे हे खरं, पण माझं काय एवढं, एकच तर." सहाही जणांचं हेच वाक्य होतं, अगदी एका साच्यातलं. सातवे आजारी पडले म्हणून राहिले.

तगारे चौथे. "मी पुष्पगुच्छ देताना एक. तेव्हा गाणं कुठं चालू असतंय?"

"कॅमेरा तर तुमच्याच टेबलावर जमा असणार."

"मी दोन मिनिटं बाहेर सोडतो की त्याला," तगारे म्हणाले, तुरुंगाधिकाऱ्याच्या उदारपणानं.

त्या सकाळी सातवाही मिळाला. साथीला मुंबईचे तबलावादक हर्षवर्धन ओगले होते. तिशीतले, तेव्हा फार नाव झालेले, मानेवर रुळणारे कुरळे केस. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही फोटोग्राफर ना? ते बंदीबिंदी बाईंपुरतं. माझा एक घ्या. उजव्या बाजूनं. तिहाई संपताना केस वर जातात, तेव्हा."

"कॅमेरा जमा केलाय, पंडितजी."

त्यांनी माझ्या शालीकडं पाहिलं, हसले आणि म्हणाले, "कुठं बसणार आहात?"

"खांबाशी. तिसऱ्या रांगेत."

"उजवीकडचा खांब. छान."

माझं स्वतःचं काय काम होतं ते आता सांगतो. आमच्या मंडळाची एक रीत आहे. कलावंत यायच्या आधीच त्याच्या नावाची चौकट भिंतीवर लागते. खाली रंगवलेलं नाव आणि साल, आत खाकी कागद. मैफल झाली की आठवड्यात फोटो आत बसतो. भिंतीवर तेव्हा त्रेसष्ट चौकटी होत्या. बासष्ट भरलेल्या, एक रिकामी. 'दुर्गाबाई केळशीकर, १९६८'. नवे पाहुणे त्या चौकटीपुढं जरा थबकून हात जोडत. त्यांना वाटे बाई वारल्या असाव्यात आणि फोटो हार घालायला कुणीतरी घरी नेला असावा.

ती रिकामी राहिली ती अण्णांमुळं. अडुसष्ट साली मंडळाचे फोटो अण्णा काढत. मी तेव्हा पुण्याला शिकत होतो, त्यामुळं हे सगळं ऐकीव. बाईंची आलापी चालली होती, चारशे माणसांत शिंकही नव्हती, आणि अण्णांचा खटका वाजला. बाई थांबल्या. तंबोरा खाली ठेवला. म्हणाल्या, "हे गृहस्थ बाहेर गेल्याशिवाय मी गाणार नाही." अण्णा उठले, पिशवी खांद्याला लावली आणि चारशे माणसांमधून चालत बाहेर गेले. दारात तगाऱ्यांनी (तेव्हाही चिटणीस तेच, केस काळे एवढाच फरक) कॅमेऱ्यातली फिल्म मागून घेतली आणि उजेडात ओढून वाया घालवली. तेव्हापासून बाईंनी कुठल्याच गावात कॅमेरा येऊ दिला नाही, आणि तेव्हापासून अण्णांनी सभागृहाची पायरी चढली नाही. मंडळाचं काम माझ्याकडं आलं. मी कधी विषय काढला तर अण्णा एवढंच म्हणत, "खटका माझाच होता. वाजला."

अण्णा आता ऐंशीला टेकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं करून घेत नव्हते. "कॅमेऱ्याला एकच लागतो," म्हणायचे. मला ती चौकट त्यांच्या देखत भरायची होती. बस्स, एवढंच.

मी बेत सांगितला तेव्हा वाटलं होतं, रागावतील. ते उठले, कपाटातून जर्मन कॅमेरा काढला, फुंकर मारली.

"तुझा नवा नेऊ नकोस. तो दाराची कडी घातल्यागत वाजतो. हा सुपारी कातरल्याइतका. शिवाय याची बघायची खिडकी भिंगाच्या बाजूला वेगळी आहे, दाबतानाही समोरचं माणूस दिसत राहतं. आणि दाबायचं फक्त समेवर. तबलजीचा 'धा' पडतो ना, त्याच्या पोटात तुझा खटका घालायचा. देवाला ऐकू येणार नाही."

"सम मला कशी कळणार? मला गाण्यातलं काय कळतंय?"

"गाण्यातलं कळत नाही, पण मोजता येतं की नाही? तीनताल म्हणजे सोळा मात्रा. सोळा मोजायचे, परत एकवर यायचं. तो एक म्हणजे सम. आणि तबलजीवर विसंबू नकोस. ते नाचवतात. तुझं तू मोज."

महिनाभर मी मोजलं. आंघोळ करताना, पासपोर्टचे फोटो कातरताना, सायकलवर. पुढं पुढं मोजणं माझ्या आत आपोआप चालायला लागलं, पिठाच्या गिरणीसारखं. एकदा जेवताना सुनंदा, माझी बायको, पळी हातात धरून थांबली.

"आत्ता तुम्ही 'बारा' म्हणालात."

"हूं."

"बारा काय? पोळ्या?"

अण्णा ताटाकडं बघत म्हणाले, "वाढ गं तू. अजून चार मात्रांनी तो जागेवर येईल."

तर मी खांबाशी बसलो. बाई आल्या. निळी इरकली, पांढरे केस, नाकात चमकी, चालणं सावकाश पण बसणं ठाम. तगाऱ्यांनी पुष्पगुच्छ दिला आणि दाराकडं आशेनं पाहत क्षणभर जास्तच वाकून राहिले. कॅमेरे सगळे टेबलावर. कुणीच काही दाबलं नाही. ते निराश होऊन खाली उतरले.

राग तोडी होता असं मला मागाहून कळलं. पहिला तासभर लय इतकी सावकाश होती की मोजण्यात अर्थ नव्हता, मी नुसता बसून राहिलो. मग मधल्या लयीतला तीनताल सुरू झाला आणि माझी गिरणी लागली. एक, दोन, तीन, चार. शाल डोक्यावरून घेतलेली, घडीतून भिंग बाहेर, डोळा खिडकीला. पंधरा, सोळा आणि धा! दाबलं. कुणी मान वळवली नाही. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून डोलत होते.

तिसऱ्या खेपेला माझी भीड चेपली. दहा वेळा दाबलं, दहाही 'धा'च्या पोटात. खिडकीतून बाई दिसत होत्या. हात वर गेलेला, भुवया एकत्र, ओठ असे की जणू समोर कुणीतरी बसलंय आणि त्याला समजावून सांगतायत. प्रत्येक वेळी वाटे, हाच तो, हा चौकटीत.

ओगले माझ्याकडंच बघून वाजवत होते. केस झटकायचे ते खांबाच्या दिशेनं. बाईंकडं त्यांची पाठच म्हणायची. एका आवर्तनात बाई थांबल्या आणि त्यांना हातानं खूण केली, वाजवा. ओगल्यांनी मान खांबाकडं केली, हनुवटी वर घेतली आणि असा काही धबधबा सोडला की पुढच्या रांगा सरसावून बसल्या. एक, दोन आवर्तनं. मग तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर टाकायचा. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा. केस वर उडाले, हात हवेत गेला आणि—धा!

लोक "वा!" म्हणाले. ओगल्यांनी हात तसाच हवेत ठेवला, फोटोसाठी. क्षणभर सगळं गप्प.

माझ्या आत तेव्हा 'सोळा' चाललं होतं. बोट कामाला लागलेलं होतं, त्याला कोण थांबवणार? 'एक' आला आणि त्या शांततेत स्पष्ट वाजलं, खट्.

दोन गोष्टी एकदम झाल्या. दारातून तगारे ओरडत धावले, "कोण आहे तो?" आणि पुढच्या रांगेत कुजबूज सुरू झाली, "बाई चुकल्या. समेवर आल्याच नाहीत. वय झालं हो." कारण ओगल्यांचा 'धा' पडला तरी बाई गप्प बसल्या होत्या. ओगल्यांनी आदरानं वाकून, जरा कीव केल्यासारखं, सम कुठं होती ते मानेनं दाखवलं.

बाईंनी तंबोऱ्यावरचा हात काढला. "कॅमेरा कुणाचा?"

मी उठलो. समोरच्या भिंतीवर ती रिकामी चौकट होती, आणि मला दिसत होतं की आता मीही पिशवी खांद्याला लावून चारशे माणसांतून चालत जाणार. घराण्याची परंपरा.

"नाव?"

"आष्टेकर."

बाईंनी ते नाव स्वतःशीच पुन्हा म्हटलं. मग म्हणाल्या, "कुठं दाबलंत?"

"समेवर, बाई."

हशा झाला. बाई हसल्या नाहीत.

"कुठल्या समेवर? यांच्या?"

"नाही. यांचा 'धा' सोळाव्याला पडला. मी एकला दाबलं."

"गाणं शिकलायत?"

"नाही. मोजायला शिकलोय."

आता सभागृह तापलं. ओगले लाल झाले. पहिल्या रांगेत तंबोरे करणारे बाबूलालचाचा बसले होते. सत्तर वर्षं लाकडाला कान लावून काढलेला माणूस. त्यांचा उजवा हात अजून मांडीवर ताल धरून होता. ते न उठताच म्हणाले, "फोटोवाला सही है, बाई. तबलेवाले एक मात्रा आधी उतरले. तुम्ही बरोबर थांबलात."

ओगले म्हणाले, "त्या कॅमेऱ्यामुळं! खटका वाजला, माझं लक्ष उडालं."

"कॅमेरा तुमच्या नंतर वाजला," बाई म्हणाल्या.

काय टाळ्या पडल्या! त्या टाळ्यांत बाईंचा चेहरा का कोण जाणे एकदम उतरला. मला वाटलं दमल्या. त्यांनी तगाऱ्यांना हातानं थोपवलं. तगारे मला दंडाला धरून निम्म्या वाटेत आले होते.

"सोडा त्यांना. त्या समेचा फोटो तुमच्या त्या चौकटीत लावा. तेवढा एक." आणि ओगल्यांकडं वळून, "चला. आता खांबाकडं नको, माझ्याकडं बघा."

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मी चपलेसकट आत गेलो आणि अण्णांना एका दमात सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. ओगल्यांचं आलं तेव्हा थांबवलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"कॅमेरा तुमच्या नंतर वाजला."

"परत म्हण."

परत म्हटलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "चल," म्हणाले, "फिल्म धुऊ."

मागच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही फिल्म डब्यात भरली, औषध घातलं, हलवलं, ओतलं, दुसरं घातलं. अण्णा घड्याळाशिवाय मिनिटं मोजत होते. मग मी झाकण काढलं, खिडकीचा काळा पडदा सारला आणि फिल्म वर ओढून उजेडाला धरली.

पलीकडं सुनंदा वाळत घातलेले कपडे काढत होती. ती मला स्वच्छ दिसली. फिल्म काचेसारखी होती. कडेला कारखान्यातून आलेले बारीक आकडे तेवढे उमटले होते. एक, दोन, तीन, चार. बाकी काही नाही.

"औषध शिळं असणार," मी म्हणालो.

"आकडे आलेत म्हणजे औषध बरोबर आहे." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "टोपी कुठं आहे?"

"कसली टोपी?"

"भिंगाची."

मी शर्टाचा खिसा चाचपला, विजारीचा चाचपला, शाल झटकली. मग दोघांनीही टेबलावरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. टोपी भिंगावर होती, अण्णांनी महिन्यापूर्वी बसवली तशी, घट्ट. माझ्या नव्या कॅमेऱ्यात भिंगातूनच दिसतं. टोपी राहिली तर समोर अंधार, राहूच शकत नाही. याची खिडकी वेगळी. मी दोन तास बाई डोळे भरून पाहिल्या, कॅमेरा डोळे मिटून बसला होता.

अण्णा हसायला लागले. भिंतीला टेकले, खाली बसले, हसता हसता ठसका लागला. सुनंदा धावत आली. "काय झालं?"

"अकरा सम," अण्णा डोळे पुसत म्हणाले, "अकरा सम काढल्यात यानं. गायिका सोडून सगळं आलंय."

दुसऱ्या दिवसापासून तगारे दुकानात येऊन बसायला लागले. त्यांनी काच पुसून ठेवली होती, खिळा बदलला होता. "झाला का?" "मोठा करतोय," मी म्हणे. "किती मोठा?" चौथ्या दिवशी अण्णा आतून म्हणाले, "बाईंना खरं लिही. पोस्टकार्डावर लिही, म्हणजे वाटेत पोस्टमनही वाचेल आणि तुला मागं फिरता येणार नाही."

मी लिहिलं : छत्तीसपैकी अकरा दाबले, अकराही कोरे, टोपी काढायची राहिली, क्षमा असावी.

आठवड्यानं कोल्हापूरहून उत्तर आलं. 'गुरुवारी सकाळी या. वडिलांना आणा. टोपी काढून या.'

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. अण्णा जिना चढताना दर चार पायऱ्यांनी थांबत होते. मला वाटलं, दम लागतोय. वर पोचल्यावर कळलं, ते धोतर नीट करत होते.

चहा आला. बाईंनी आधी मला विचारलं, "टोपी?"

मी खिशातून काढून दाखवली.

"हातातच राहू दे." मग अण्णांकडं वळून, "आष्टेकर, अडुसष्ट साली तुमचा खटका वाजला. कधी वाजला?"

"वाजला एवढं आठवतं."

"मी विचारते, कधी."

अण्णांनी चहा बशीत ओतला. "नंतर."

"कशाच्या नंतर?"

"बाई, चहा गार होतोय."

"कशाच्या नंतर, आष्टेकर?"

अण्णा बशीतच बघत म्हणाले, "वरच्या षड्जाला तुम्ही गेलात आणि तो लागला नाही, त्याच्या नंतर."

मी टोपी हातात घट्ट धरली. बाई मान डोलावत होत्या, चांगली जागा ऐकल्यासारख्या.

"आवाज चार महिने बसलेला होता," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नव्हतं. वर गेले आणि पायाखाली पायरीच नाही. पुढं काय करावं सुचेना. आता सगळ्यांना कळणार. तेवढ्यात तुमचा खटका वाजला. तो धरून मी वर आले. तुम्हाला बाहेर घालवलं. आणि मग दुसऱ्या गावी कॅमेरा चालू दिला असता तर लोक म्हणाले असते, मिरजेतच काय झालं होतं? म्हणून सगळीकडं बंदी. बावीस वर्षं एक थाप निभावतेय मी. लोकांनी तिला साधना म्हटलं."

"म्हणायचेच."

"त्या दिवशी त्या पोराला बोलून गेले, कॅमेरा तुमच्या नंतर वाजला. लोक टाळ्या वाजवतायत आणि मला वाटतंय, मागून कुणीतरी म्हणेल, बाई, तुमच्याही नंतरच वाजला होता. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"चारशे माणसांत दोघांना कळलं होतं. तुम्हाला आणि मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बाई," अण्णा म्हणाले, "मी पन्नास वर्षं लग्नं काढली. नवरदेवाच्या मुंडावळ्या नाकावर आलेल्या, विहिणीच्या तोंडात अख्खा लाडू, भटजींना डुलकी. मला सगळं दिसतं. अल्बमात लावतो का मी?"

बाई इतक्या हसल्या की आतून कुणीतरी डोकावलं. हसणं थांबल्यावर त्यांनी भिंतीशी उभा असलेला तंबोरा घेतला आणि मांडीवर टेकवला. मी अण्णांना कॅमेरा दिला.

"तबला नाही आज," बाई म्हणाल्या. "लपायला सम नाही. आलापी आहे, तीच तेव्हाची. वर जाईन तेव्हा दाबा." मग मला, "तुम्ही पुढं बसा आणि टोपी वर धरा. मला ती दिसल्याशिवाय मी आ करणार नाही."

मी पुढं बसून हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा. बाईंनी सुरुवात केली. मला गाण्यातलं अजून कळत नाही आणि तिथं मोजायलाही काही नव्हतं. आवाज चढत चढत गेला, एका ठिकाणी थांबला, आणखी वर गेला आणि तिथं राहिला. अण्णांनी एक डोळा मिटला.

खट्.

खोलीत तेवढाच आवाज. बाई थांबल्या नाहीत.

पुढच्या रविवारी अण्णा बावीस वर्षांनी सभागृहात आले, फोटो छातीशी धरून. तगाऱ्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"फोटो झकास. पण यात ओगले कुठं आहेत?"

"ते एक मात्रा आधी गेले," अण्णा म्हणाले.

खरी हकीकत आम्ही कुणाला सांगितली नाही. पंचाहत्तरीच्या सत्कारात बाईंनी स्वतःच माईकवरून सांगितली, म्हणून आज मी लिहितोय. चौकट अजून भिंतीवर आहे. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पुसट हात आणि हातात काळं, गोल काहीतरी आहे. तगाऱ्यांनी तेव्हा तेवढा कोपरा कापा म्हणून आग्रह धरला होता, अण्णांनी कापू दिला नाही. तगारे आता पंच्याऐंशीचे आहेत आणि भिंत दाखवायचं काम त्यांच्याकडंच आहे. पाहुणे विचारतात, "हे कोपऱ्यात काय?" तगारे ठामपणे सांगतात, "तंबोऱ्याची खुंटी."

तंबोऱ्याची खुंटी वर, दांडीच्या टोकाला असते हे मिरजेत दुधवाल्यालाही माहीत आहे. त्या दिवशी सत्काराला तगारे पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवत होते. तरी ते खुंटीच म्हणतात, आणि मी बाजूला उभा असलो तर मान डोलावतो.